कांदा-बटाट्याची ‘कोंब येऊ न देणारी’ पिशवी: अंधार छान, कार्ड अर्धवट

सरळ सांगते, पाचपैकी तीन स्टार. पिशवी वाईट नाहीये. पण तिच्यावर मोठ्या अक्षरात ‘कोंब येणार नाहीत’ असं जे छापलंय ना, ते विसरून मग घ्या, आणि आत जे कार्ड येतं त्याच्या भरवशावर तर अजिबात स्वयंपाक करू नका. कंपनीचं नाव टाकत नाही कारण असल्या पिशव्या दहा नावांनी विकल्या जातात, कापड तेच, शिलाई तीच, फक्त लेबल वेगळं, त्यामुळे हे सगळ्यांनाच लागू आहे असं धरा.

आधी वस्तू काय ते. तीन पिशव्यांचा सेट आहे, मोठी बटाट्याला, मधली कांद्याला, छोटी लसूण-आल्याला. जाड कापड, आतून काळं अस्तर, वर नाडी, आणि खाली एका बाजूला चेन लावलेलं तोंड, म्हणजे नवीन माल वरून ओतायचा आणि जुना खालून काढायचा. ही आयडिया मला सगळ्यात आवडली. कारण साध्या टोपलीत काय होतं, आपण वरचेवर नवीन बटाटे टाकत राहतो आणि वरूनच उचलत राहतो, मग तळाचे चार बिचारे कधी सुरकुतले, कधी त्यांना कोंब आले आणि कधी एक फुटून सगळी टोपली वासायला लागली ते कळतच नाही. इथे जुना आपोआप आधी हातात येतो. फक्त चेनचं तोंड चिंचोळं आहे, मोठा बटाटा आत फिरवून फिरवून बाहेर काढावा लागतो आणि चेनचे दात सालीला ओरबाडतात. ओरखडा पडला तर काय बिघडलं असं वाटेल, पण बटाट्याला मार लागला, चिरला, खरचटला की त्याच्यातली कडू द्रव्यं वाढतात, त्याबद्दल खाली येतेच.

आता ती खिडकी. कुणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे, पण बटाट्याच्या पिशवीला पुढून तळहाताएवढी पारदर्शक प्लास्टिकची खिडकी दिलीये, आत माल किती उरलाय ते दिसावं म्हणून. अहो, अंधार करायला पिशवी घ्यायची आणि त्या पिशवीला खिडकी? ओट्याच्या वर दिवसभर ट्यूबलाइट चालू असते तिथे मी पिशवी टांगली होती, तर खिडकीला टेकलेले बटाटे तेवढ्याच बाजूने हिरवट झाले. एक उचलून नीट बघितला, पुढचा गाल हिरवा, मागचा जसाच्या तसा पिवळसर, आणि हिरव्याची कड एकदम सरळ रेषेत, खिडकीच्या शिलाईला लावून बघितली तर बरोबर जुळली. साल काढली तरी आतल्या गरावर एक पातळ हिरवी झाक होतीच.

हिरवा रंग म्हणजे हरितद्रव्य, ते स्वतः काही करत नाही, पालेभाजीत आपण तेच खातो. अडचण अशी की ज्या उजेडाने ते तयार होतं त्याच उजेडाने सालीत आणि सालीच्या लगेच खाली सोलॅनिन आणि चाकोनिन ही दोन विषारी द्रव्यंही वाढतात. दोघांचं प्रमाण एकमेकांशी जुळेलच असं नाही, हिरवा फार दिसला म्हणजे विष फार किंवा हिरवा नाही म्हणजे विष नाहीच असं काही नसतं, पण हिरवं दिसलं की या बटाट्याला उजेड लागलाय एवढं तर पक्कं कळतं.

खिडकी सोडली तर बाकीच्या पिशवीत एकही बटाटा हिरवा पडला नाही, म्हणजे अस्तराचं काम चोख आहे, त्याचे मार्क देऊन टाकले. पण कोंब? कोंब आलेच. आणि कसे, पांढरेफटक, बारीक, लांबलचक, एकमेकांत गुंतलेले, दोन-तीन तर चेनच्या फटीतून बाहेर डोकावत होते. आणि यात नवल काही नाही. बटाटा हे मूळ नाहीच मुळी, ते जमिनीखाली फुगलेलं खोड आहे आणि त्याचे डोळे म्हणजे त्या खोडावरच्या कळ्या. काढणी झाल्यावर काही आठवडे ते काही महिने त्या झोपलेल्या असतात, जात कुठली आणि हवा किती गरम त्यावर ते ठरतं, झोप संपली की फुटणारच. अंधारात फुटला तर कोंब उजेड शोधत लांब पळतो, उजेडात फुटला तर आखूड, जाडजूड, जांभळट होतो, म्हणूनच लावणीसाठीचे बटाटे मुद्दाम उजेडात मांडून कोंब आणतात. थोडक्यात अंधाराने हिरवेपणा थांबतो, कोंब थांबतो तो गारव्याने. ७ ते १० अंश तापमान मिळालं तर बटाटा बरेच दिवस शांत बसतो, आता ओट्याखाली ७ अंश आणायचे कुठून! मोठ्या गोदामांत थंडी असते, शिवाय कोंब दाबायला रसायनं असतात, क्लोरप्रोफाम नावाचं एक कित्येक वर्षं वापरलं जायचं, युरोपियन युनियनने २०१९ मध्ये त्याची मान्यता पुढे चालू ठेवली नाही, मग तिथे पुदिन्याच्या कुळातलं तेल, इथिलिन वायू असले पर्याय पुढे आले, काही ठिकाणी कांद्या-बटाट्याला गॅमा किरणांचा हलका डोसही देतात. एवढं सगळं करून जे साधतं ते कापडाच्या पिशवीने करावं अशी माझी अपेक्षा नव्हतीच. पण मग छापता कशाला?

आता कार्ड, ज्याच्यासाठी मी खरं तर हा रिव्ह्यू लिहायला बसले. पिशवीत एक रंगीत कार्ड येतं, त्यावर बटाटा, रताळं, कांदा, लसूण, आलं, गाजर, बीट सगळ्यांची चित्रं एका ओळीत आणि खाली एकच वाक्य, कोंब आले तर घाबरू नका, कोंब काढून टाका आणि बिनधास्त वापरा. मागच्या बाजूला अजून एक, हिरवा बटाटा नीट शिजवून घ्या. आमच्या घरात यावरून आधीच दोन पक्ष आहेत, नवरा कोंब दिसला की कुठलीही भाजी असो, उचलून डस्टबिनमध्ये, आणि आई कोंब खुडून सगळं वापरणार, काही फुकट जाऊ द्यायचं नाही. कार्ड आल्यावर आईचा पक्ष एकदम मजबूत झाला. गंमत म्हणजे दोघंही अर्धे बरोबर आहेत. त्या ओळीतल्या सहा चित्रांना आईचा नियम चालतो, आणि सातव्याला, म्हणजे बटाट्याला, बऱ्याचदा नवऱ्याचा. कार्डवाल्यांनी सातही एका पंगतीत बसवले.

बटाट्याचं असं आहे की कोंब म्हणजेच त्याचा विषाचा साठा. झाडाने स्वतःला किडीपासून आणि खाणाऱ्यांपासून वाचवायला ही द्रव्यं केलेली, त्यामुळे जिथे नवीन वाढ तिथे ती सगळ्यात जास्त, कोंब, डोळे, साल, पानं, फुलं, फळं. नीट ठेवलेल्या चांगल्या बटाट्यात दोन्ही मिळून किलोमागे साधारण १०० मिलिग्रॅमच्या आतच असतात, पुष्कळदा बरीच कमी. २०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा बहुतेक ठिकाणी धरतात. कोंबात मात्र हाच आकडा किलोमागे २००० च्याही वर जातो. आता दुसरा आकडा घ्या, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२० मध्ये सांगितलं की शरीराच्या वजनाच्या दर किलोला १ मिलिग्रॅम एवढं एका दिवसात पोटात गेलं तर त्रास दिसू शकतो. मग गणित तुम्हीच करा, ६० किलोच्या माणसाला २०० ची मर्यादा गाठलेला बटाटा ३०० ग्रॅम खावा लागेल, पण २० किलोच्या मुलाला १०० ग्रॅमच पुरला, म्हणजे एक मध्यम बटाटा. म्हणून मोठ्यांना काही झालं नाही, आम्ही आयुष्यभर असंच खातोय, या बोलण्याला मुलांच्या ताटाशी काही अर्थ नाही.

आणि ‘नीट शिजवून घ्या’ हे तर सरळ चुकीचं. ही द्रव्यं उष्णतेला दाद देत नाहीत. उकळताना थोडी पाण्यात उतरतात, किती उतरतील याचा नेम नाही, कडक तळताना थोडी अजून कमी होतात, पण साध्या शिजवण्याने विष मरतं हा गैरसमज आहे, जंतू मरतात तसं हे मरत नाही. लंडनमधल्या एका मुलांच्या शाळेतली घटना यासाठी नेहमी सांगितली जाते, आधीच्या सत्रातले उरलेले बटाटे सुट्टीनंतर जेवणात वापरले, शिजवलेलेच होते, ७८ मुलं आजारी पडली आणि त्यातल्या १७ जणांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, डॉक्टरांचा यावरचा रिपोर्ट १९७९ मध्ये छापून आला. सगळी मुलं बरी झाली. त्रास होतो तो मळमळ, उलट्या, जुलाब, पोटात कळा, डोकं दुखणं असा, जास्त झालं तर माणूस गोंधळल्यासारखा करतो, आणि बऱ्याचदा खाल्ल्यावर काही तासांनी सुरू होतं, त्यामुळे दोष भलत्याच पदार्थावर जातो. असं काही वाटलं तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना बटाट्याचं आठवणीने सांगा.

तर मी काय करते ते लिहिते. बटाटा दाबून बघायचा. घट्ट आहे, कोंब नुसते टोक काढलेले, एक-दोन डोळ्यांपुरते, तर कोंब नुसता खुडायचा नाही, पीलरच्या टोकाने तो डोळा आजूबाजूच्या गरासकट खड्डा पडेल असा खरवडून काढायचा, आणि साल जाड काढायची, पातळ सोलून भागत नाही. मग खुशाल वापरा. उकडायचा असेल तर तो आधी सोलून मग उकडते आणि ते पाणी फेकून देते. पण बटाटा मऊ पडलाय, साल सुरकुतलीये, कोंब बोटभर लांब झालेत आणि सगळीकडून फुटलेत, तर त्याला वाचवायच्या भानगडीत पडायचं नाही, कुंडी असेल तर कुंडीत, नाहीतर डस्टबिनमध्ये. हिरवा डाग छोटा असेल तर खोल कापून काढायचा, अर्धा बटाटा हिरवा असेल तर पूर्ण गेला. काही सरकारी संस्था आणि विषबाधेच्या हेल्पलाइनवाले तर म्हणतात की कोंब आला की फेकाच. मोठ्यांसाठी मला ते जरा अति वाटतं, पण घरात लहान मूल असेल किंवा कुणी गरोदर असेल तर मी त्यांचंच ऐकेन.

आणि शेवटची चाळणी म्हणजे जीभ. शिजवलेला बटाटा कडवट लागला, घशाला चरचरला, तर मीठ-मसाला वाढवून खपवू नका, तो घास थुंकून टाका आणि बाकीचंही टाका. कधी कधी बटाटा दिसायला अगदी शहाणा असतो, कोंब नाही, हिरवा नाही, तरी कडू निघतो, कारण जातीवरही अवलंबून असतं. अमेरिकेत १९६७ मध्ये लेनापे नावाची जात आली होती, खास चिप्ससाठी, चिप्स म्हणे एक नंबर व्हायचे, पण तिच्यात ही द्रव्यं मुळातच जास्त निघाली आणि १९७० मध्ये ती बाजारातून मागे घेतली.

आता बाकीची मंडळी. रताळ्याला लोक बटाट्याचा भाऊ समजतात पण त्याचं कुळच वेगळं, त्याच्यात सोलॅनिनची भानगडच नाही. रताळ्याचे कोंब आणि पानं खाण्यासारखी असतात, कोंब आलेलं रताळं जरा दोरकट आणि कमी गोड लागेल एवढंच. फक्त रताळ्याला बुरशी लागली, काळा डाग पडून आतपर्यंत कडू झालं, तर तिथे मात्र दयामाया नको, कारण बुरशीशी झगडताना रताळं स्वतःच काही विषारी द्रव्यं तयार करतं आणि ती डागाच्या बाहेरही पसरलेली असू शकतात. डाग कापून उरलेलं वापरायचा मोह टाळा.

कांद्याला पात फुटली तर नो टेन्शन. कांदा स्वतःतला साठा पातीला देतो, म्हणून थर सैल आणि मऊ पडतात, मधला गाभा लिबलिबीत नसेल आणि वास नसेल तर पात चिरून घ्या, कांदाही घ्या. लसणाचंही तेच, मधला हिरवा कोंब कच्चा खाल्ला तर कडसर लागतो म्हणून लोक पाकळी उभी चिरून तो काढतात, ती फक्त चवीची गोष्ट. उलट २०१४ मध्ये आलेल्या एका अभ्यासात पाच दिवस कोंब आलेल्या लसणात अँटिऑक्सिडंट जास्त सापडले होते, म्हणून कुणी मुद्दाम कोंब आणायची गरज नाही, पण फेकायचीही नाही. आल्याला कोंब आले तर कोंब बाजूला, आलं कामाला, बुरशी किंवा पिचपिचीतपणा असेल तर टाका. गाजर, मुळा, बीट यांच्या डोक्यावर पाला फुटतो, तो खाल्ला तरी चालतो, मूळ तेवढं लाकडासारखं होत जातं. संपलं. यातल्या एकासाठीही पिशवीची तशी फार गरज नाही, गाजर-बीट तर पाला कापून फ्रिजमध्येच बरे.

फ्रिजवरून आठवलं, कार्डावर अजून एक ओळ आहे, बटाटा कधीही फ्रिजमध्ये ठेवू नये. हा सल्ला वर्षानुवर्षं सगळेच देत आले, कारण फार गार झाला की बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, आणि साखर जास्त असलेला बटाटा तळला-भाजला की अ‍ॅक्रिलामाइड, म्हणजे कॅन्सरचा धोका वाढवू शकतं असं मानलं जाणारं द्रव्य, जास्त तयार होतं, चिप्सही पटकन काळे पडतात. पण ब्रिटनच्या अन्न खात्याने २०२३ मध्ये हा सल्ला बदलला, घरी फ्रिजमध्ये ठेवला तरी चालेल म्हणाले, धोक्यात फारसा फरक पडत नाही आणि टाकून देण्याचं प्रमाण कमी होतं. मी मधला रस्ता काढलाय, उन्हाळ्यात उकडायचे बटाटे फ्रिजमध्ये आणि तळायचे बाहेर पिशवीत, तेही थोडेच आणायचे.

सेटमध्ये कांदा आणि बटाटा वेगळे ठेवायला दोन पिशव्या दिल्यात, ते एकदम योग्य, पण त्याचं जे कारण दिलंय, कांद्याच्या वायूने बटाट्याला कोंब येतात, ते मला पटत नाही. तो वायू म्हणजे इथिलिन, कांदा तो फारच थोडा सोडतो, आणि वर सांगितलं तसं गोदामात तोच वायू कोंब वाढू नयेत म्हणून सोडतात. खरं कारण ओलाव्याचं. बटाट्याला दमट हवा लागते, कांद्याला कोरडी, दोघांना एका जागी कोंबलं की बटाट्याच्या ओलीने कांदा सडतो आणि सडलेल्याच्या ओलीने बटाटा. या पिशव्यांना हवा खेळायला फक्त वरच्या पट्टीत जाळी आहे, तळाशी नाही, त्यामुळे बटाट्याच्या पिशवीत खाली नको इतकी ओल साचते, मी तळाला जुना वर्तमानपत्राचा कागद दुमडून घातला तेव्हा जरा बरं झालं. आणि बटाटे धुऊन भरू नका, मातीसकट असतील तर तसेच राहू द्या, वापरायच्या वेळी धुवा.

कस्टमर केअरला मेसेज करून मी दोन गोष्टी विचारल्या. कार्डबद्दल उत्तर आलं, ‘मॅम, आमचं प्रॉडक्ट १०० टक्के सेफ आहे.’ मी म्हटलं प्रॉडक्टचं नाही हो, बटाट्याचं विचारतेय, तर परत तेच वाक्य, वर एक हसरा चेहरा. खिडकीबद्दल मात्र एका पोराने प्रामाणिकपणे सांगितलं की बऱ्याच जणांची तक्रार आहे, तोपर्यंत आतून काळी टेप लावा. लावली. काम झालं, हिरवे बटाटे बंद झाले, पण पिशवी धुतली की टेपच्या कडा सुटतात आणि दरवेळी नवीन लावावी लागते, तेवढी रोलची खरेदी धरूनच ऑर्डर करा.